छोटे शब्द : मुकुटबनच्या रोजनिशीतली पानं

१ जुलै २०२४, सोमवार

आज शाळा उघडली. बाकीच्या महाराष्ट्रात १५ जूनलाच घंटा झाली होती. विदर्भाला उन्हामुळे पंधरवडा जास्तीचा मिळाला. सहावी, सातवी आणि आठवीचं इंग्रजी यंदाही माझ्याकडे आहे.

आठवीच्या पहिल्या तासाला पुस्तक उघडलंच नाही. 'तुम्हाला येतात ते सगळे इंग्रजी शब्द सांगा, मी फळ्यावर लिहिते,' एवढंच म्हटलं. आधी 'ॲपल', 'बॉल' असे पहिलीतले शब्द आले. मग मागच्या बाकावरच्या एकानं भीत भीत विचारलं, "मॅडम, 'डम्पर' चालते काय?" चालतं म्हटल्यावर मुलं थांबेचनात. डम्पर, लोडर, क्लिंकर, शिफ्ट, गेटपास, हेल्मेट, ओव्हरटाइम. मुलींकडून नोझल, स्प्रे, ड्रिप, मॉइश्चर, सलाइन, इंजेक्शन. पुढे रिचार्ज, पासवर्ड, स्क्रीनशॉट, विकेट, रनरेट. फळा भरला, तेव्हा बाजूच्या भिंतीवर कागद चिकटवून लिहावं लागलं.

यात आश्चर्य नाही. मुकुटबन म्हणजे यवतमाळ जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. तालुका झरी जामणी, पलीकडे तेलंगणा. जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी, जमिनीवर कपाशी. गावाजवळून माजरी-आदिलाबाद रेल्वे जाते. २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनच्या गटाचा सिमेंट कारखाना सुरू झाला, त्याची वर्षाची क्षमता ३९ लाख टन. एवढं सगळं गावात आलं की त्याच्याबरोबर त्याची नावंही येतात, आणि ती आधी मुलांच्या तोंडी बसतात.

मग म्हटलं, आता यातल्या कुठल्याही शब्दाचं वाक्य करा. वर्ग गप्प झाला. एका मुलीनं धीर करून सांगितलं, "डम्पर माइन कमिंग." खाणीतून येतोय की खाणीत येतोय, ते तिच्या वाक्यात नव्हतं. तिला दोन्ही माहीत होतं, मराठीत तिनं ते झटकन सांगितलंही. इंग्रजीत मात्र 'फ्रॉम' आणि 'टू' हे दोन छोटे शब्द तिच्याकडे नव्हते.

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. शब्दसंपत्ती वाढवा असं आपण म्हणतो तेव्हा नावं वाढवतो. नावांची मुलांकडे कमी नाही.

५ जुलै, शुक्रवार

शब्दांच्या वह्या पाहिल्या. आमच्या भागातल्या बहुतेक शाळांत 'रोज दहा शब्द' हा उपक्रम कधी ना कधी झालेला आहे. तीन रकाने असतात : इंग्रजी शब्द, देवनागरीत उच्चार, मराठी अर्थ. सातवीतल्या एका मुलीची वही इतकी नेटकी की हातातून ठेववेना. तिनं पान उलटून 'ॲम्बिशन'पासून 'झील'पर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं. तिची मेहनत खरी आहे, म्हणूनच जीव तुटतो. यादीतला शब्द यादीच्या क्रमानंच आठवतो. मधूनच विचारला तर तिला वरून सुरुवात करावी लागते. आणि 'झील' हा शब्द ती पुढची पाच वर्षं कुठे वाचणार आहे?

कोणते शब्द आधी शिकवायचे हा प्रश्न जुना आहे, आणि त्यावरचं मोठं काम आपल्याच उपखंडात झालं याचं मला अप्रूप वाटतं. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचता का येत नाही याचा त्यांनी शोध घेतला आणि १९२६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं निदान साधं होतं : वाचनाच्या पुस्तकांत दुर्मीळ शब्द फार, आणि नवा शब्द एकदा येऊन गेला की पुन्हा भेटत नाही. मग त्यांनी दुर्मीळ शब्द काढून टाकले, नवे शब्द थोडे थोडे आणि पुन्हा पुन्हा येतील अशी वाचनमाला रचली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. कुठलाही साधारण इंग्रजी मजकूर घेतला तर त्यातला जवळजवळ ८० टक्के भाग या दोन हजारांतच बसतो.

त्या यादीत काय काय आहे? 'ॲट', 'बाय', 'फॉर', 'इफ', 'टिल', 'गेट', 'कीप', 'पुट', 'टेक'. आमच्या दहा-शब्दांच्या वह्यांत यातला एकही नाही. ते 'सोपे' म्हणून वगळले जातात. सोपे दिसतात, कारण स्पेलिंग लहान असतं.

१८ जुलै, गुरुवार

आठवडाभर पाऊस. नाल्याला पूर आला की पोडावरची मुलं येत नाहीत. कोलामांच्या वस्तीला इथे पोड म्हणतात. आज पाणी ओसरलं आणि वर्ग भरला.

'ऑन', 'अंडर', 'इन' शिकवत होते. टेबलावर खडू ठेवला. मराठीत म्हणतो 'टेबलावर', म्हणजे 'वर' मागे लागतो. तेलुगू बोलणाऱ्या एका मुलाला विचारलं, तुमच्याकडे कसं? "बल्ल मीद," म्हणाला. झाडाखाली? "चेट्टु किंद." म्हणजे तिथेही मागेच. कोलामी बोलणाऱ्या दोघींना विचारलं. त्या आधी एकमेकींकडे बघून लाजल्या. शाळेत त्यांना त्यांच्या भाषेतलं कुणी काही विचारत नाही. मग एकीनं सांगितलं, दुसरीनं दुरुस्त केलं, आणि तिथेही 'आत', 'वर' हे नावाच्या मागेच निघालं. गोंडीही तशीच.

म्हणजे या एका वर्गातल्या चारही भाषा 'कुठे' हे वस्तूच्या नंतर सांगतात. मराठी आर्य कुळातली, बाकी तिन्ही द्राविडी, तरी याबाबत सगळ्या एकमतानं वागतात. इंग्रजीच तेवढी उलटी, 'ऑन' आधी आणि 'टेबल' मग. लेकराला तो शब्द कुठे ठेवायचा हेच कळत नाही, म्हणून ते गाळून टाकतं. 'डम्पर माइन कमिंग'चं मूळ इथे आहे. याला कच्चेपणा म्हणून लाल रेघ मारण्यात अर्थ नाही. चार भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि प्रत्येकीत तो तुकडा रंगीत खडूनं गोल केला, तेव्हा सगळ्यात मागे बसणाऱ्यालाही दिसलं की गोल तीनदा काय, चारदा उजवीकडे आहे आणि पाचव्या ओळीत डावीकडे.

कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कातकरी आणि माडिया गोंड हे दुसरे दोन. त्यांच्या भाषेचा अभ्यास मरे एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं केला आणि १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं तो छापला. पाण्याला 'ईर', घराला 'एल्ला'. हे शब्द परदेशात छापून सत्तर वर्षं होत आली, आणि इथे शाळेच्या फळ्यावर ते लिहिले की मुली चकित होऊन बघतात. पोडावरून येणाऱ्या मुलीला इंग्रजी ही निदान तिसरी भाषा असते. पहिलीत तिला मराठीच शिकावी लागली. तिला इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीत दिला की तो कधी कधी अर्ध्या वाटेवरच थांबतो. तिच्या वहीत आता चौथा रकाना आहे. तो तिनंच भरायचा, मला येत नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

पावसानं उघडीप दिली की फवारणी सुरू. सकाळी शाळेत येताना दोन्ही बाजूंच्या वावरांत पाठीवर पंप घेतलेली माणसं दिसली. वर्गात तीन-चार जागा रिकाम्या. मोठी मुलं पाणी भरून द्यायला जातात.

आज आठवीला जे शिकवलं ते पुस्तकात नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा आजची आठवीतली मुलं पहिलीत होती. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, ना मास्क ना हातमोजे, अशी कारणं पुढे आली. या भागातल्या घरांत तो पावसाळा अजून विसरलेला नाही.

शनिवारीच सांगून ठेवलं होतं : बाटलीला कुणीही हात लावायचा नाही, रिकामी असली तरी नाही. कृषी केंद्रातून औषधासोबत येणारं घडीचं पत्रक तेवढं कोरं मागून आणायचं, किंवा मोठ्या माणसानं काढलेला लेबलाचा फोटो. तशी बरीच पत्रकं आली. नियमानं त्यावर हिंदी, इंग्रजी आणि भागातली भाषा असावी लागते. अक्षर मात्र इतकं बारीक की चाळिशीतल्या माणसाला ते दिसणं कठीण. बाटलीच्या पुढच्या बाजूला ठळक असतं ते बहुधा इंग्रजीच.

आधी लेबलावरचा चौकोन दाखवला. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या त्या चौरसाच्या खालच्या त्रिकोणात रंग असतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. मुलांना हिरवा म्हणजे 'चांगलं औषध' वाटत होतं. हिरवाही विषच, फक्त कमी. लाल-पिवळ्यावर 'पॉयझन' लिहिलेलं असतं, निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. हे तीन शब्द पाठ व्हायला वेळ लागला नाही.

खरा वेळ गेला तो पुढच्या ओळीला. 'कीप आउट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन.' विचारलं, काय कळलं? 'चिल्ड्रन' सगळ्यांना येत होता. 'आउट' म्हटल्यावर एक म्हणाला, "मॅडम, आऊट म्हंजे गडी बाद." दुसरा म्हणाला, "मंग लेकराइले भाईर ठेवाचं, असं असंल." तो चुकला तरी विचार करत होता. सात शब्दांची ओळ, त्यातला एकच मोठा, बाकी सगळे छोटे. आणि काय करायचं, कुणापासून, किती लांब, हे सगळं त्या छोट्या शब्दांत. 'कीप', 'आउट ऑफ' आणि 'रीच' हे वर्गातच करून दाखवले. एका मुलीला खुर्चीवर बसवलं. कपाटाच्या वरच्या फळीवर डबा ठेवला. तिचा हात पोचत नाही : 'आउट ऑफ रीच'. खाली ठेवला : 'विदिन रीच'. मग प्रत्येकानं आपल्या घरात औषध कुठे ठेवतात ते वहीत लिहिलं, मराठीत, आणि शेवटी दोनांपैकी एक इंग्रजी तुकडा. काहींचे कागद वाचून मी थबकले. एकाच्या घरी ते धान्याच्या कोठीशेजारी आहे.

इंग्रजी लेबल वाचता आलं असतं तर २०१७ मधली माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. मजुराच्या हाती बाटली येतच नाही, त्याला ड्रममधलं कालवलेलं पाणी मिळतं. पण त्या घरातलं आठवीतलं लेकरू ती ओळ वाचू शकतं की नाही, हा मला माझ्या विषयाचा प्रश्न वाटतो.

१४ ऑगस्ट, बुधवार

उद्याच्या झेंडावंदनाची गडबड, तरी आठवीनं पत्रकांचा तास मागून घेतला. आजची ओळ : 'डू नॉट ईट, ड्रिंक ऑर स्मोक व्हाइल स्प्रेइंग.' क्रियापदं सगळ्यांना येतात. 'व्हाइल' कुणालाच नाही. 'बिफोर', 'आफ्टर', 'व्हाइल' असे तीन कागद केले आणि त्याच वाक्यात एकामागून एक बसवून बघितले. 'आफ्टर' बसवल्यावर एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, हात धुतल्याबिगर आफ्टरही खाता येत नाही." मग तिनंच 'विदाउट' मागितला. शब्द मागून घेणं म्हणजे काय, ते आज दिसलं.

न्यूझीलंडच्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना वाचायला शिकवताना रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारलं, आज तुला कोणता शब्द हवा? तो कार्डावर लिहून त्याच्या हातात दिला. १९६३ च्या त्यांच्या 'टीचर' या पुस्तकात ते सगळं आहे. त्या लहान मुलांना हवे असायचे ते भीतीचे आणि मायेचे शब्द. माझी मुलं मोठी आहेत. त्यांना आता 'विदाउट' हवा आहे.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. शाळेला सुट्टी. संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे, आणि झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची लोकगीतं, सुरू. माझ्या सातवीतल्या एकानं, जो वर्गात पाच ओळी पाठ करत नाही, एकामागून एक झडत्या म्हटल्या, मोठ्या माणसांच्या आवाजाच्या वर आवाज चढवून. त्याला कुणी पाठ करायला दिल्या नव्हत्या. दरवर्षी ऐकल्या, पुढच्या वर्षी पुन्हा ऐकल्या, आणि म्हणायची संधी मिळाली.

४ सप्टेंबर, बुधवार

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरलं जातं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. मधे मधे उजळणी झाली की ते जास्त टिकतं. कपाशी लावून मोकळं होता येत नाही, डवरणी, निंदणी पुन्हा पुन्हा करावी लागते, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही.

त्यावर एक सोपी सोय १९७२ मध्ये झेबास्टियान लाइटनर यांनी सुचवली : कार्डांची पेटी, तिला कप्पे. नवा शब्द पहिल्या कप्प्यात, तो रोज बघायचा. आला की दुसऱ्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी. मग तिसरा, आठवड्यानं. चुकला की परत पहिल्यात. खडूच्या आणि चपलांच्या खोक्यांतून मुलांनी अशा पेट्या केल्या. फरक मी एवढाच केला की कार्डावर सुटा शब्द लिहायचा नाही. शब्द आपल्या माणसांसह लिहायचा. 'वेट' नको, 'वेट फॉर द बस' हवं. 'गेट' नको, 'गेट डाउन ॲट वणी' हवं. मागच्या बाजूला अर्थ नाही, एक रेघाटी चित्र किंवा आपल्या घरच्या भाषेतलं वाक्य.

सहावीत हे सगळ्यांत चांगलं चाललंय. आठवीतल्या मुलांना खोकं बाळगायची थोडी लाज वाटते, म्हणून त्यांच्यासाठी रबरबँड लावलेले गठ्ठे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. आणि संध्याकाळी बातमी : केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. शिक्षकांच्या खोलीत आनंद झाला, मलाही झाला. एका सहकाऱ्यानं विचारलं, 'मग आता तुमच्या इंग्रजीचं काय?' प्रश्न मनापासूनचा होता.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी मराठी शाळांत ती पाचवीपासून असे. आजच्या आठवीच्या आईबापांपैकी बरेच जण पाचवीत 'ए, बी, सी' गिरवलेले. पहिलीपासून इंग्रजी आणली तेव्हा मराठीचं काय होणार यावर मोठा वाद झाला होता. मला त्या वादातल्या दोन्ही बाजूंना एक विचारावंसं वाटतं : पहिली ते आठवीच्या आठ वर्षांत आपण मुलांना नक्की काय दिलं? नावांच्या याद्या दिल्या असतील तर इंग्रजीही आली नाही आणि मराठीचाही वेळ गेला. माझ्या वर्गात 'अंडर' शिकताना मुलांना मराठीतला 'खाली', तेलुगूतला 'किंद' आणि कोलामीतला त्यांचा शब्द एकत्र दिसला. आपली भाषा कशी चालते ते त्यांनी इंग्रजीच्या तासाला पाहिलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान. आमचा वणी मतदारसंघ. शिक्षक ड्युटीवर, शाळा बंद. आज मुलं शाई बघायला जमली. परत आल्यावर सगळ्या कार्डांची एक फेरी घेतली. दिवाळीच्या सुट्टीत पेट्या बंद होत्या, बरीच कार्डं पहिल्या कप्प्यात परत गेली.

५ डिसेंबर, गुरुवार

वेचणी जोरात आहे. हजेरी पातळ. पालकभेटीला आलेल्यांत एक कास्तकार होते, सातवीतल्या मुलीचे वडील. कापूस महामंडळाच्या केंद्रावर दिला म्हणाले. यंदा लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की भाव कापतात आणि बाराच्या वर घेतच नाहीत. म्हणून 'मॉइश्चर' हा शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर आला होता.

ते सांगत होते : "मॅडम, मोबाइलवर मेसेज आला. पैशे आले का गेले, मले काही उमजे ना. आकडा दिसे. पोरीनं वाचलं, म्हणे बाबा, 'क्रेडिटेड टू' हाये, आले." मुलगी शेजारी उभी होती, नखं बघत. 'क्रेडिटेड' तिला मी शिकवला नव्हता. 'टू' आणि 'फ्रॉम' मात्र तिच्या पेटीत सप्टेंबरपासून आहेत. तिनं मला नंतर सांगितलं की तिनं 'टू युवर अकाउंट' एवढंच वाचून ओळखलं.

लगेच सातवी-आठवीला बँकेच्या मेसेजचा तास घेतला. आकडे आणि नावं काढून टाकून फळ्यावर लिहिले. 'डेबिटेड फ्रॉम', 'क्रेडिटेड टू', 'विदिन थ्री डेज', 'डू नॉट शेअर विथ एनीवन'. शेवटच्या ओळीवर सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण फोनवर गोड बोलून ओटीपी मागणारे आता गावोगाव पोचलेत. 'एनीवन'मध्ये बँकेचा माणूसही आला का? हो. काका? हो. मॅडम? हो, मॅडमही.

इथे माझं मत पक्कं होत चाललंय. या मुलांना लागणाऱ्या इंग्रजीचा पहिला धडा गोष्टीतला राजपुत्र नसावा. औषधाचं पत्रक, बँकेचा मेसेज, दवाखान्याच्या चिठ्ठीवरचं 'बिफोर फूड', खाणीच्या आणि कारखान्याच्या फाटकांवर असतात तशा 'विदाउट' आणि 'ओन्ली'च्या पाट्या, हे त्यांच्या घरात आधीच आलेलं इंग्रजी आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

वर जे लिहिलं त्याला आज मीच एक जोड देते. फक्त पाट्या आणि पत्रकांवर भाषा वाढत नाही. तिथे सगळं आज्ञेत असतं : करू नका, ठेवा, थांबा. मुलांना कुणी काही सांगतंय, बोलतंय, रुसतंय असं इंग्रजी कुठे मिळणार? 'सेड', 'थॉट', 'वॉन्टेड', 'टोल्ड' हे शब्द लेबलावर कधीच येत नाहीत, आणि वेस्ट यांच्या यादीत ते आहेत. त्यासाठी गोष्टीच हव्यात, सोप्या, खूप. एका वर्षाला एक पाठ्यपुस्तक म्हणजे फार थोडं वाचन.

'प्रथम बुक्स'नं २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर पातळ्यांनुसार गोष्टी फुकट मिळतात, छापूनही घेता येतात, आणि तीच गोष्ट अनेकदा मराठीतही असते. पहिल्या पातळीच्या काही गोष्टी छापून सहावीत वाटल्या. एका पानावर एक-दोन ओळी, मोठं चित्र. आठवीतल्या मुलांनी त्या सहावीच्या मुलांना वाचून दाखवायच्या असं ठरवलं. त्यामुळे मोठ्यांनाही सोपं पुस्तक हातात धरताना संकोच वाटत नाही, आणि वाचून दाखवायचं म्हणून ते आदल्या दिवशी तीन-चारदा वाचून येतात. उजळणीची पेटी जे करते तेच इथे गोष्ट करते, आणि मुलं ती आवडीनं करतात.

कोलामी बोलणाऱ्या त्या दोघींपैकी एकीनं सहावीतल्या आपल्या बहिणीला एक गोष्ट आधी इंग्रजीत वाचली, मग कोलामीत सांगितली. मराठी मधे आलीच नाही. मी दारात उभी राहून ऐकत होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण बहीण योग्य ठिकाणी हसली.

९ जानेवारी २०२५, गुरुवार

पुढच्या महिन्यात शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीच्या पालकांचा आग्रह, आता समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या घ्या. त्यांचं चुकत नाही. परीक्षेत ते येतं आणि मुलांना मार्क हवेत. याद्या घ्यायला सुरुवात केली आहे, पण दोन-दोन शब्द, वाक्यात, पेटीतून. मुलांना आता अनोळखी शब्द आला की आजूबाजूचे छोटे शब्द बघून अंदाज बांधता येतो. काल सराव प्रश्नपत्रिकेत 'स्केअर्स' कुणालाच येत नव्हता. 'बट' दिसला, आधीच्या तुकड्यात 'प्लेन्टी ऑफ वॉटर' होतं. मग तिघांनी 'तुटपुंजं' असं बरोबर ओळखलं.

मुख्याध्यापकांशी बोलले. शनिवारचा शेवटचा तास तिन्ही वर्गांना एकत्र वाचनासाठी द्यायला ते तयार आहेत, मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं या अटीवर. नाल्याला पाणी असताना पोडावरची मुलं येऊ शकत नाहीत, म्हणून पावसाळ्याआधी तिथे गोष्टींचा एक संच ठेवायचा आहे. कुणाच्या घरी ठेवायचा ते त्या दोघी ठरवणार आहेत. पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या गोष्टी निवडून झाल्या. आता छपाई, आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे एक कोरं पान, घरच्या भाषेतल्या शब्दांसाठी. शनिवारी वणीला गेले की कागदाच्या दोन रीम आणि जाड पुठ्ठा आणायचा आहे.